पोस्टरवरचं दुसरं नाव

शनिवार : लंडन

स्लोन स्क्वेअरला ट्यूबमधून उतरलात की आधी मान वर करा. फलाटांच्या डोक्यावरून एक जाडजूड लोखंडी पाइप आडवा गेलाय आणि त्यातून नदी वाहते. खरीखुरी नदी, वेस्टबोर्न नावाची. १८६८ मध्ये स्टेशन झालं तेव्हा वाटेत आली म्हणून तिला पाइपात घातलं, ती अजून तशीच आहे. गाडीची वाट बघणारे सगळे फोनमध्ये. मी मात्र दोन गाड्या सोडल्या.

बाहेर आलं की दाराला लागूनच रॉयल कोर्ट थिएटर. इतकं लागून, की आत नाटक ऐन रंगात असताना जमिनीखालून गेलेल्या गाडीची घरघर प्रेक्षकांना ऐकू येते. तिथले नट म्हणे तिला सरावलेले असतात. मला या इमारतीत काही बघायचं नव्हतं. ती नुसती बाहेरून बघायची होती, कारण नाटककार मार्टिन क्रिम्पचं लेखन इथे वाढलं.

माझ्याकडे तिकीट होतं ते दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या ऑपेरा महोत्सवाचं. जुलै २०२३. संगीतकार जॉर्ज बेंजामिनचा नवा ऑपेरा 'पिक्चर अ डे लाइक धिस', शब्द क्रिम्पचे. मित्रमंडळींत ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी विचारलं, संगीत कोणाचं? गाणार कोण? एकानेही विचारलं नाही की लिहिलंय कोणी. तेव्हाच ठरवलं, जाताना लंडनचे तीन दिवस जोडून घ्यायचे आणि या लिहिणाऱ्याच्या वाटेने जायचं. माणसाला गाठण्याचा इरादा नव्हता. तो फार मुलाखती देणाऱ्यांतला नाही, आणि लेखकाच्या दारात उभं राहणं मला आवडत नाही.

क्रिम्प १९५६ चा, केंटमधल्या डार्टफर्डचा. त्याच वर्षी मे महिन्यात या रॉयल कोर्टमध्ये जॉन ऑस्बोर्नचं 'लुक बॅक इन अँगर' आलं आणि इंग्रजी रंगभूमीची भाषा बदलली. योगायोगच, पण पुढे क्रिम्पने याच थिएटरसाठी लिहिलं, आणि त्याने जे केलं ते ऑस्बोर्नच्या अगदी उलट. ऑस्बोर्नची पात्रं पोटातलं सगळं ओकतात. क्रिम्पची पात्रं बोलतात भरपूर, पण पोटातलं पोटातच राहतं.

१९९७ चं 'अटेम्प्ट्स ऑन हर लाइफ' घ्या. त्या वर्षी रॉयल कोर्टच्या या इमारतीचं काम चालू होतं, म्हणून नाटक वेस्ट एंडमधल्या अँबॅसडर्स थिएटरात झालं. १७ प्रवेश. छापील संहितेत वाक्यांपुढे पात्रांची नावंच नाहीत, नुसत्या आडव्या रेघा. कोण बोलतंय, किती जण बोलतायत, ते दिग्दर्शकाने ठरवायचं. आणि जिच्याबद्दल सगळे बोलतात ती अ‍ॅन रंगमंचावर येतच नाही. एका प्रवेशात तर ती चक्क मोटारगाडी आहे. मला हे नाटक पहिल्यांदा वाचताना राग आला होता. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, या माणसाला संगीतकार मिळायला हवा. बोलणारा कोण हे लेखकाने मोकळं सोडलं, की तिथे सूर शिरायला जागा होते. अर्थात हे शहाणपण पुढचं सगळं घडून गेल्यावरचं.

रविवार : रिचमंड

मावशी हाउन्सलोला राहतात. त्यांना घेऊन रिचमंडला गेले. १९७१ मध्ये इथल्या ऑरेंज ट्री नावाच्या पबच्या माडीवर एक छोटं थिएटर सुरू झालं. क्रिम्पची सुरुवातीची नाटकं, म्हणजे १९८० च्या दशकातली, त्या माडीवर झाली. १९९१ मध्ये थिएटर रस्त्यापलीकडे स्वतःच्या जागेत गेलं. चारी बाजूंनी प्रेक्षक, मध्ये नट, एकूण खुर्च्या दोनशेच्याही आत. पब अजून आहे. आम्ही त्यात जाऊन बसलो. मावशींनी लेमोनेड घेतलं आणि विचारलं, "पोट कशावर भरायचा गं हा त्या वेळी?"

प्रश्न बरोबर होता. बाजार संशोधनवाले लोकांच्या मुलाखती टेप करतात ना, त्या ऐकून टंकलिखित करण्याचं काम तो करत असे. साबण का बदलला, कॉफी कोणती आवडते, यावर माणसं कशी चाचरतात, वाक्य अर्धं सोडून दुसरं कसं धरतात, समोरच्याला बरं वाटावं म्हणून स्वतःबद्दल कशी थापा मारतात, हे दिवसभर कानात. त्यातून १९९० चं 'नो वन सीज द व्हिडिओ' निघालं, पण खरी कमाई त्याहून मोठी. त्याच्या कुठल्याही संवादात ते चाचरणं सापडतं. नाट्यलेखन शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गाने मुलांना वर्षभर टेप उतरवायला बसवावं असं माझं मत झालंय.

मावशी संगीत नाटकांवर वाढलेल्या. "म्हणजे आपल्या देवलांसारखाच की. नाटकही त्याचं, पदंही त्याचीच."

"नाही हो मावशी. इथे सूर दुसऱ्याचे. आणि आपल्याकडे बहुतेक वेळा चाल आधी असायची, तिच्यात शब्द बसवायचे. हा आधी सगळं लिहून पूर्ण करतो. मग संगीतकार ते घेऊन दोन-दोन वर्षं गायब होतो."

"आणि हा काय करतो तोवर?"

"दुसरं नाटक लिहितो."

मावशींना हे काही पटलं नाही. आपले शब्द असे सोडून द्यायचे म्हणजे काय? मी त्यांना नव्या ऑपेराची गोष्ट सांगितली. एका बाईचं मूल मरतं. तिला सांगितलं जातं, रात्र व्हायच्या आत एक सुखी माणूस शोध, त्याच्या बाहीचं एक बटण कापून आण, मूल जगेल. मावशींनी ग्लास खाली ठेवला. "अगं, ही तर किसा गौतमी! मोहरीचे दाणे!"

खरंच आहे. ज्या घरात कोणी मेलं नाही तिथली मोहरी आण, असं बुद्धाने सांगितलं होतं, आणि क्रिम्पने ज्या जुन्या कथा हाताशी धरल्या त्यांत ही आहेच. सुखी माणसाचा सदरा तर आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतो. इतकी ओळखीची गोष्ट घेऊन हा नवीन काय करणार, ही शंका मनात घेऊनच परतले.

सोमवार : कोव्हेंट गार्डन

पाऊस. रॉयल ऑपेरा हाउसच्या काचेच्या दालनात बसून एक पातळ पुस्तिका वाचली; सकाळी पुस्तकांच्या दुकानात मिळाली होती. याच दोघांच्या आधीच्या ऑपेराची, 'रिटन ऑन स्किन'ची संहिता. पानं हाताळतानाच कळतं की हे नाटक नव्हे. ओळी तीन-चार शब्दांच्या, कित्येक एकाच शब्दाच्या, बाकी पान कोरं. संपूर्ण वाचायला मला पाऊण तासही लागला नाही. रंगमंचावर हेच सुमारे दीड तास चालतं. गायलेलं वाक्य बोललेल्यापेक्षा कितीतरी पट वेळ खातं, हा लिब्रेटो, म्हणजे ऑपेराची संहिता, लिहिणाऱ्यांचा पहिला हिशेब. नाटककार म्हणून ज्या वाक्याचा अभिमान वाटेल ते इथे बहुधा पहिलं उडतं.

बेंजामिन १९६० चा, फ्रेंच संगीतकार मेसियाँचा शिष्य, अतिशय सावकाश लिहिणारा. आयुष्यभर ऑपेरा लिहायची इच्छा आणि वर्षानुवर्षं लेखक सापडेना. कित्येक नाटककारांना, कवींना भेटला, जमलं नाही. शेवटी व्हायोला दा गांबा हे जुनं तंतुवाद्य वाजवणारे संगीत अभ्यासक लॉरेन्स ड्रेफस यांनी दोघांची गाठ घालून दिली. २००६ मध्ये पॅरिसला 'इन्टू द लिटल हिल' झालं. हॅम्लिनच्या बासरीवाल्याची गोष्ट, पण इथे निवडणूक आहे, मतांसाठी उंदीर मारायला निघालेला मंत्री आहे, आणि त्याच्या मुलीच्या खोलीत रात्री येणारा अनोळखी माणूस आहे, ज्याला डोळे नाहीत, नाक नाही, कान नाहीत. सगळी पात्रं मिळून गाणाऱ्या फक्त दोन बायका, साथीला १५ वादक. काम संपल्यावर मंत्री पैसे नाकारतो. पुढे मुलांचं काय होतं ते ठाऊकच आहे.

याच इमारतीत, म्हणजे ऑपेरा हाउसच्या मोठ्या प्रेक्षागृहात, १० मे २०१८ ला 'लेसन्स इन लव्ह अँड व्हायलन्स' पहिल्यांदा झालं. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड, त्याचा लाडका गॅव्हस्टन, राणी इझाबेल, राजावर उलटलेला मॉर्टिमर, आणि हे सगळं बघत मोठी होणारी दोन मुलं. मी ते चित्रफितीवर पाहिलंय. माझ्या मते या जोडीच्या चार ऑपेरांतला हा सर्वांत थंड. बांधणी निर्दोष आहे, पण त्या राजवाड्यातल्या कोणाचाच हात धरावासा वाटत नाही. हे सांगितल्यावर मावशी फोनवर म्हणाल्या, "मग राजवाडाच तो."

मंगळवार : गाडीत

सेंट पँक्रासहून पॅरिस, तिथे गार द्यु नोर स्टेशनहून गार द लिओं स्टेशनला सामान ओढत, मग तेजेव्हे, म्हणजे फ्रान्सची वेगवान गाडी. पॅरिसपासून एक्स तीन तासांवर. खिडकीबाहेर लिओंनंतर उजेड बदलतो, एवढं लिहिण्यासारखं, बाकी झोपले. एक्सचं तेजेव्हे स्टेशन शहराबाहेर पंधराएक किलोमीटरवर माळावर आहे, तिथून बस. बसमधून सेंट-व्हिक्तुआर डोंगर दिसला, सेझानने पुन्हा पुन्हा रंगवलेला. उतरल्याबरोबर सिकाडा नावाच्या किड्यांचा आवाज कानात बसला तो परत लंडनला पोहोचेपर्यंत निघाला नाही.

बुधवार : एक्स, ज्यु द पोम

सकाळी कूर मिराबोवर चालले. दोन्ही बाजूंना चिनारांची रांग, मध्ये शेवाळाने पार झाकलेलं कारंजं, ज्याचं पाणी कोमट असतं. हात घालून बघितला. महोत्सवाचं हे ७५ वं वर्ष, त्यामुळे दुकानांच्या काचांवरही ऑपेराची चित्रं. १९४८ मध्ये मोझार्टच्या 'कोझी फान तुत्ते'ने सुरुवात झाली होती आणि या वर्षीही ते होतंच. कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन बघत बसले. आर्चबिशपच्या जुन्या वाड्यातल्या उघड्या रंगमंचावर 'कोझी', शब्द लोरेन्झो दा पोंते. तिथेच 'थ्रीपेनी ऑपेरा', शब्द ब्रेख्त. मोठ्या थिएटरात बर्गचा 'वोत्सेक', ज्यात संगीतकाराने ब्यूश्नरचं नाटक घेऊन संहिता स्वतःच बेतली. आणि ज्यु द पोम या जुन्या नाटकघरात क्रिम्प. शब्द देण्याचे एवढे मार्ग एकाच गावात, एकाच पंधरवड्यात.

थेआत्र द्यु ज्यु द पोम हे रु द लोपेरावर. पूर्वी इथे चेंडूचा पोम नावाचा खेळ चाले, अठराव्या शतकात त्याचं नाटकघर झालं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं, पाचशेच्या आसपास जागा. त्याच रस्त्यावर २८ नंबरच्या घरात १८३९ मध्ये सेझान जन्मला. माझी जागा वरच्या मजल्यावर खांबाशेजारी. तिथून रंगमंच पाऊणच दिसत होता, पण खाली वादक आणि वाद्यवृंदाचं संचालन करणारा बेंजामिन स्पष्ट. महलर चेंबर ऑर्केस्ट्रा, मोजके लोक.

पडद्याचा थाटमाट नाही. त्या आईच्या भूमिकेतली गायिका मारियान क्रेबासा येते आणि सांगते की मूल नुकतंच पूर्ण वाक्यं बोलू लागलं होतं, आणि गेलं. पहिल्या ओळीतच क्रिम्पने किती साधलंय बघा: मुलाचं वय, आईचं कौतुक, आणि मृत्यू. विलाप नाही. एका पुस्तकातून फाडलेलं पान तिच्या हाती येतं, त्यावर सुखी असू शकतील अशा माणसांची यादी. ती यादी घेऊन ही बाई निघते.

आधी एक प्रेमी जोडपं. प्रश्न दोन विचारले की भांडण बाहेर येतं. मग आयुष्यभर बटणं बनवलेला कारागीर. बटणच हवंय ना, मग याच्याकडे बटणं हवी तेवढी! पण यंत्रांनी त्याचं काम हिरावलंय आणि तो आतून पार मोडलाय. कारागिराकडून काहीही न घेता ती निघते तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नकळत आपल्या बाहीचं बटण चाचपलं. मी पाहिलं, त्यांनीही मी पाहिलेलं पाहिलं.

पुढचा प्रवेश मला फार आवडला. एक नामवंत संगीतकार बाई, मागे पळणारा सहायक, एका शहरातून दुसऱ्या शहरात, जगभर मान आणि स्वतःवर काडीचा विश्वास नाही. हे शब्द एका संगीतकारासाठी लिहिलेत, आणि तो संगीतकार खाली उभा राहून त्यांना ताल देतोय. लिब्रेटिस्टला आपल्या भागीदाराची थट्टा करायची तर याहून चांगली जागा कोणती? बेंजामिनच्या पाठीवरून तरी त्याने मनाला लावून घेतल्याचं दिसलं नाही.

नंतर सगळं विकत घेऊ शकणारा संग्राहक. तो तिला एका बागेचं दार उघडून देतो. बागेत झाबेल नावाची बाई, गायिका आना प्रोहास्का. तिच्यामागे हिशाम बेरादा या चित्रफितकाराच्या चित्रफितीत रंगीत क्षार पाण्याखाली झाडांसारखे वाढत जातात, काचपात्रात प्रत्यक्ष घडवून चित्रित केलेले. झाबेल त्या बाईचंच दुसरं रूप वाटावी अशी, आणि ती सुखी आहे. का? तर ती अस्तित्वातच नाही म्हणून.

इथे मोहरीची गोष्ट आणि ही गोष्ट वेगळ्या होतात. किसा गौतमीला दाराआड सगळीकडे मृत्यू भेटतो आणि ती समजून परत येते. क्रिम्पच्या बाईला दुःख प्रत्येकाचं वेगळं भेटतं, काही तर क्षुल्लक, हसू येण्यासारखं. तिला कोणी उपदेश करत नाही. शेवटी तिच्या हातात बटण असतं. ते खरं का खोटं, मूल परत येणार का, यावर एक शब्द नाही. रविवारची माझी शंका फिटली. नवीन काय केलं, तर उत्तर काढून टाकलं. सव्वा तासाच्या आसपास सगळं संपलं. टाळ्या घ्यायला आलेल्यांत क्रिम्प कुठे उभा असता, ते मला खांबामुळे दिसलंच नसतं.

गुरुवार : एक्स, मोठं थिएटर

ग्राँ तेआत्र द प्रोव्हान्स २००७ मधलं, गावाच्या जुन्या भागाच्या पश्चिमेला, तेराशेहून अधिक आसनांचं, पिवळसर दगडाचं. ७ जुलै २०१२ ला इथे 'रिटन ऑन स्किन' पहिल्यांदा झालं. महोत्सवाचे तेव्हाचे प्रमुख बेर्नार फोक्रूल यांनी या प्रदेशाशी नातं असलेला विषय सुचवला होता. क्रिम्पने घेतली गियेम द काबेस्तान या मध्ययुगीन कवीची दंतकथा: श्रीमंत जमीनदार, त्याची बायको, तिचा प्रियकर, जमीनदार प्रियकराला मारून त्याचं काळीज शिजवून बायकोला खायला घालतो.

क्रिम्पने कवीचा चित्रकार केला. जमीनदार आपल्या ऐश्वर्याचं पुस्तक, चामड्याच्या पानांवर, एका तरुणाकडून करून घेतो. बायको अ‍ॅनेस, जिला वाचता येत नाही, त्या तरुणाला आव्हान देते: खरी बाई काढून दाखव. पुढे तीच त्याला सांगते, आपलं जे झालं ते पुस्तकात घाल, नवऱ्याला वाचू दे. म्हणजे जिला अक्षर कळत नाही तिनेच लेखनाचं शस्त्र उगारलं. आणि काळीज खाल्ल्यावर ती कोसळत नाही. ही चव आता माझ्या तोंडातून कोणी काढू शकणार नाही, अशा अर्थाचं ती नवऱ्याला सुनावते. अ‍ॅनेस झालेल्या बार्बरा हॅनिगनने ते जे गायलंय, ध्वनिचित्रफितीवर सुद्धा अंगावर काटा येतो.

पण खरी करामत वेगळीच. पात्रं गाता गाता स्वतःचं निवेदनही गातात. संवाद म्हटला की त्याच दमात 'असं तो मुलगा म्हणाला' हेही तोच मुलगा म्हणतो. ऐकायला विचित्र, पण याने एक जुनी अडचण सुटली. आजच्या माणसाने रंगमंचावर येऊन 'दार लाव' हे गाऊन का सांगावं, हा प्रश्न बेंजामिनला छळत होता. पात्रच जर स्वतःची गोष्ट सांगणारं असेल तर खोटेपणा लपवावाच लागत नाही. माझी खात्री आहे की हे रॉयल कोर्टच्या काळातून आलं, त्या नावं नसलेल्या आडव्या रेघांतून. शिवाय देवदूत आहेत, जे आरंभी आजच्या शहरातला बाजारचौकातला वाहनतळ पुसून टाकायला सांगतात आणि आपण आठशे वर्षं मागे जातो. थिएटरच्या आसपास आज सगळं नवं बांधकाम, दुकानं आणि गाड्याच गाड्या. ऊन मी म्हणत होतं. एका गाडीच्या सावलीत उभी राहून पाणी प्यायले.

शुक्रवार : आर्चबिशपचा वाडा

दिवसभर खोलीत. 'कोझी' रात्री साडेनऊला, आकाश पुरतं काळं व्हायच्या आधी सुरू झालं. दिग्दर्शक चेर्न्याकोव्हने तरुण जोडप्यांऐवजी पन्नाशीतली जोडपी घेतली होती. आवाज काही ठिकाणी थकलेले, पण दा पोंतेचा क्रूरपणा लखलखीत दिसला. जोडीदार बदलून बघण्याचा खेळ विशीत थट्टा असतो. पन्नाशीत त्याचे दात लागतात.

मध्यंतरात आठवत होते: मोझार्टला तीन संहिता देणारा हा दा पोंते म्हातारपणी न्यूयॉर्कला होता. किराणा दुकान चालवलं, कोलंबिया कॉलेजात इटालियन शिकवलं, आणि आठवणी लिहिल्या. त्यांत शत्रूंवर पानंच्या पानं आहेत, स्वतःची स्तुती तर विचारू नका. 'कोझी'ला मात्र तिघी बहिणींत तिसरी म्हणून उरकलंय. मला हा निकाल मान्य नाही. दुसऱ्या अंकात नायिका फियोर्दिलिजी जिथे हार मानते त्या प्रवेशासाठी मी 'कोझी'ला पहिली ठेवीन, आणि चेर्न्याकोव्हच्या प्रयोगातही तोच प्रवेश सर्वांत चांगला झाला. संपायला एक वाजून गेला. सकाळी आठची बस.